घुंगरू साफ करायला टंबलर घ्यायचा तर कोणता? दोन यंत्रं वापरून झाल्यावरचा अनुभव

पोळ्याच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या दुकानात बसायला जागा उरत नाही, दिंडोरी, निफाड, सिन्नरकडचे शेतकरी बैलांच्या घुंगूरमाळा आणि गळ्यातल्या घंटा घेऊन येतात, वर्षभर गोठ्यात टांगलेल्या असतात त्यामुळे वर काळा-हिरवा कळक चढलेला असतो आणि आत धूळ, शेण, भुसा काय वाटेल ते. उरलेलं वर्ष कथ्थक शिकणाऱ्या मुलींचे चाळ येतात आणि देवघरातल्या घंट्या, निरांजनं, समईची मधली नळी असं बारीकसारीक येत राहतं. आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजाराजवळ, सासऱ्यांनी म्हणजे अण्णांनी आयुष्यभर चिंच, लिंबू आणि राख घेऊन हाताने घासलं, मी लग्न होऊन आले तेव्हा माझीही बोटं तशीच काळी व्हायची. भांडं हाताने घासता येतं हो, पण घुंगराच्या आत हात जात नाही, आणि खरी घाण आतच असते.

टंबलर म्हणजे धातूच्या वस्तू भरड्यात किंवा पिनांमध्ये घोळवून साफ करणारं यंत्र, हा प्रकार मला कळला तो धाकट्या दिरांमुळे. ते अमेरिकेत राहतात, तिकडे त्यांना रायफल शूटिंगचा नाद आहे आणि तिकडे बरेच लोक झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी फेकत नाहीत, गोळा करून, साफ करून घरीच परत भरतात, त्याला रीलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हे कोणी घरी करायला जाऊ नका, मी फक्त साफसफाईचं यंत्र सांगतेय.) तर ती नळी परत भरायच्या आधी आतून बाहेरून साफ करावी लागते, वर काजळी असेल तर ती नळी ज्या साच्यात दाबतात त्यावर ओरखडे पडतात, आणि काळ्या पितळेवरची चीर डोळ्याला दिसत नाही. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर आमची घुंगरं दाखवली तर ते म्हणाले, वहिनी, तुमची आणि माझी अडचण एकच आहे, पोकळ पितळ आणि लहान भोक. ते वाक्य मी धरून ठेवलं आणि पुढची दोन वर्षं त्यावरच गेली.

पहिलं यंत्र घेतलं ते व्हायब्रेटर. म्हणजे वाडग्यासारखं भांडं, खाली मोटर, मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन, त्यामुळे सगळं भांडं थरथरतं आणि आतला माल गोल गोल फिरत वरखाली होत राहतो. त्यात कोरडा भरडा घालायचा, एकतर अक्रोडाच्या टरफलांचा नाहीतर दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा, बाजारात कॉर्न कॉब म्हणूनच मिळतो. अक्रोड कडक, कळक लवकर काढतो पण चमक जरा मंद राहते, मका मऊ, वेळ जास्त घेतो पण पितळ छान पिवळंधमक होतं. रीलोडिंगवाले आधी अक्रोड मग मका असं करतात, मी पण तेच करते, खूप काळं असेल तर अक्रोडात दोन-तीन तास आणि मग मक्यात तेवढेच.

यंत्र मागवताना एक गोष्ट नीट बघा, कारण पैसे इथेच फुकट जातात. अमेरिकन मॉडेल 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालतं, आपली लाइट 230 व्होल्ट 50 हर्ट्झ. लोक म्हणतात ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तोच राहतो, म्हणजे मोटर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि वर जास्त तापते. व्हायब्रेटरमध्ये थरथर हेच सगळं काम, ती कमी झाली की माल एका जागी बसून राहतो, फिरतच नाही. दिरांनी प्रेमाने त्यांचं जुनं यंत्र पाठवायचं ठरवलं होतं, मी नको म्हणाले. लायमनसारख्या कंपन्या 230 व्होल्टचं मॉडेल वेगळं काढतात, घ्यायचंच असेल तर ते घ्या, नाहीतर सरळ इथलं घ्या. मी इथलंच पाच लिटरचं घेतलं.

पाच लिटर म्हणजे पाच लिटर घुंगरं नाही हं. दोन भाग भरडा आणि एक भाग माल, एवढंच. जास्त घातलं तर पितळेवर पितळ आपटतं, बारीक खड्डे पडतात आणि फिरणं मंदावतं. भांड्याच्या मधल्या बाजूला माल सतत खाली बुडतोय आणि कडेने वर येतोय असं दिसलं पाहिजे, तसं दिसत नसेल तर थोडा माल काढा.

आता भरड्याचा दाणा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे कारण हे मला दुकानदाराने सांगितलं नाही. कॉर्न कॉब वेगवेगळ्या जाडीत येतो, 14/20 म्हणजे साधारण 0.8 ते 1.4 मिमीचा दाणा आणि 20/40 म्हणजे 0.4 ते 0.8 मिमीचा. मी पहिल्यांदा 14/20 आणला कारण तो स्वस्त पडला. आमच्या बारीक घुंगरांची चीर दीड मिमीच्या आसपास असते. झालं काय की दाणा चिरेत अर्धा जाऊन अडकला, जवळजवळ प्रत्येक घुंगरात, आणि मग सुई घेऊन एक एक काढत बसलो. दिरांना सांगितलं तर ते म्हणाले तिकडेही हेच होतं, काडतुसाच्या बुडाला 2 मिमीचं भोक असतं, ठिणगी आत जायला, त्यात जाड दाणा अडकतो म्हणून ते 20/40 च घेतात. नियम सोपा आहे, दाणा चिरेपेक्षा खूप बारीक असावा म्हणजे आत जाऊन बाहेरही येईल, नाहीतर खूप मोठा असावा म्हणजे आतच जाणार नाही, बरोबरीचा कधीच नको. यंत्र घ्यायच्या आधी पट्टीने नाही तर व्हर्नियरने आपल्या मालाची चीर मोजा, मग यंत्र निवडा. मी उलटं केलं होतं.

20/40 आणल्यावर व्हायब्रेटर खरोखर आवडायला लागला. सकाळी घुंगरं घालायची, झाकण लावायचं, दुपारी चाळणीवर ओतायची, घमेल्यात भरडा खाली पडतो, घुंगरं वर राहतात, एकेक घुंगरू हलवून आतला भरडा काढायचा आणि झालं. पाणी नाही, वाळवणं नाही. आणि आवाज तसाच राहतो, जो अण्णा कानाशी धरून तपासतात.

वाईट बाजू दोन. यंत्राचा आवाज खूप आहे, जुन्या वाड्यात मागच्या खोलीत चालवला तरी शेजारच्या काकूंना ऐकू जायचा, शेवटी खाली जाड रबर घातलं आणि दुपारी एक ते चार बंद ठेवायचं ठरलं. दुसरी बाजू धूळ, आणि ती हलक्यात घेऊ नका. काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात शिसं असतं, ते भरड्यात उतरतं आणि चाळताना हवेत उडतं, म्हणून रीलोडिंगवाले घराबाहेर, मास्क लावून चाळतात. आपल्याकडे तो मसाला नाही पण जुन्या पितळेतही बऱ्याचदा शिसं असतं, रॉडचं पितळ लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात मुद्दाम घालतात. त्यामुळे मी मास्क लावते, चाळणं गच्चीवर करते, लहान मुलांना त्या वेळी वर येऊ देत नाही आणि पळी-पंचपात्र, तीर्थाची वाटी असं तोंडाला लागणारं काहीही त्या भरड्यात घालत नाही, कितीही घाई असली तरी. ड्रायर शीट म्हणून एक कापड तिकडे मिळतं, त्याचे तुकडे धूळ पकडायला भांड्यात टाकतात, मी जुन्या सुती साडीचे ओले करून घट्ट पिळलेले तुकडे टाकते, दहा मिनिटांत काळेकुट्ट होतात.

आणि भरड्यात पॉलिश घालायचं असेल तर अमोनिया नसलेलं बघून घ्या. यामागे एक जुनी गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात साठवायचे आणि पावसाळा संपला की बघायचे तर नळ्या चिरलेल्या. कारण कोणाला कळेना, शेवटी 1921 साली शोध लागला, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि पितळ थंड असताना ओढून बनवल्यामुळे त्यात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आता बैलाची घुंगूरमाळ कुठे टांगलेली असते? गोठ्यात. तीच ओल, तोच वास. पत्र्याचे दोन अर्धे दाबून जोडलेलं जे स्वस्त घुंगरू असतं ते मी कितीतरी वेळा शिवणीपासून उभं चिरलेलं बघितलंय, ओतीव घुंगरू तसं तडकत नाही. कळकाखाली ती चीर दिसत नाही, टंबलरमधून निघाल्यावर दिसते, आणि गिऱ्हाईक म्हणतो तुमच्या यंत्राने फोडलं. म्हणून आता माळ घेतानाच मी नखाने वाजवून, भिंग लावून बघते आणि चिरलेली घुंगरं त्यांच्यासमोर बाजूला काढते. माळ गोठ्यात ठेवू नका दादा, घरात खुंटीला ठेवा, हे पण प्रत्येकाला सांगते.

दुसरं यंत्र ढोल. आडवा पडलेला, दोन रोलरवर फिरणारा, सात लिटरचा, आतून रबर लावलेला, मिनिटाला तीस-चाळीस फेऱ्या. फ्रँकफर्ड आर्सेनल कंपनीचा सात लिटरचा ढोल रीलोडिंगवाल्यांत फार चालतो, दिरांकडेही तोच आहे, त्याचे फोटो दाखवून मी अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून तसा करून घेतला. यात पाणी, थोडा भांड्याचा लिक्विड साबण, लिंबूसत्व आणि स्टेनलेसच्या बारीक पिना, 1.2 मिमी जाड आणि साडेसहा मिमी लांब. पिना कोपऱ्याकोपऱ्यात घुसून घासतात, साबण घाण धरतो, लिंबूसत्व कळक काढतं. दीड-दोन तासांत निघतं ते पितळ बघून अण्णा गप्पच झाले, नक्षीच्या आतलं काळं सुद्धा गेलेलं, चिंचेने घासून त्यांना ते कधी जमलं नव्हतं.

लिंबूसत्व मात्र बेताने घाला, पूर्ण ढोलाला पाव ते अर्धा चहाचा चमचा पुरतं. मी एकदा बोअरच्या पाण्याने फेस येईना म्हणून दोन चमचे घातलं आणि रात्रभर फिरत ठेवलं, सकाळी घंट्या गुलाबी तांबूस निघाल्या, कारण आम्लात पितळातलं जस्त आधी सुटतं आणि वरच्या थरात तांबं उरतं. परत घासून रंग आणायला दोन दिवस गेले. बोअरच्या पाण्याचे डागही पडतात, आता ढोलात नळाचं पाणी आणि शेवटच्या धुण्याला आरओचं.

आता जी चूक झाली ती सांगते. ढोल नवा होता, निकाल एवढा सुंदर होता की मी एका कथ्थक शिकवणाऱ्या ताईंचे चाळ दोरीतून सोडवून त्यात घातले, एका पायाचे दीडशे, दोन्ही मिळून तीनशे घुंगरू. निघाले तेव्हा सोन्यासारखे. अण्णांनी एक उचललं, कानाशी हलवलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं. मग म्हणाले, "आत काय आहे?" चिरेतून पिना आत गेल्या होत्या, कुठे एक, कुठे चार, आणि जाताना उभ्या गेल्या तरी आत आडव्या पडल्यामुळे बाहेर येईनात. छनछन जाऊन खरखर आली होती. काडतुसातही कधी कधी पिना अडकतात म्हणून दीर प्रत्येक नळी उजेडाला धरून बघतात, पण काडतुसाला वर मोठं तोंड असतं, उलटं केलं की बाकीच्या पिना पडतात. घुंगराला नुसती चीर. मी आणि आमच्याकडे ओवणाऱ्या मावशींनी लोहचुंबक आणि चिमटा घेऊन चार दिवस काढले, त्यात अजून एक अडचण, घुंगराच्या आतली गोळी लोखंडी, ती पण चुंबकाला धावते आणि पिनेची वाट अडवते. वर ओल राहिल्यामुळे त्या गोळ्यांना गंज धरायला लागला. सतरा घुंगरं शेवटी वाया गेली, ती आम्ही उत्तर प्रदेशातल्या जलेसरच्या मालातून त्याच सुराची शोधून घातली. ताईंना सगळं खरं सांगितलं, त्यांचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता, त्या दिवशी माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

तेव्हापासून घुंगरू ढोलात नाही. आत लोखंडी गोळी असलेली कुठलीच वस्तू पाण्यात नाही. घंटी, निरांजन, समई, कडी-कोयंडा, मूठ, बैलाची मोठी घंटा लोळी काढून, हे सगळं ढोलात, पिनांसकट. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे घुंगरू नाहीत त्यांनी व्हायब्रेटरच्या नादाला लागूच नये, सरळ ढोल घ्यावा, धूळ नाही, आवाज कमी, पिना झिजत नाहीत त्यामुळे पुढचा खर्च फक्त साबणाचा. भरडा मात्र काळा पडला की बदलावाच लागतो.

ढोल घेताना झाकणाचं रबर बघा, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तिथूनच पाणी गळलं आणि बेल्ट ओला होऊन घसरायला लागला, फॅब्रिकेटरने नंतर जाड रिंग बसवून दिली. आतला ढोल गुळगुळीत गोल नको, कोन किंवा पट्ट्या असाव्यात, गुळगुळीत असला की माल एकगठ्ठा घसरत राहतो आणि उलटापालटा होतच नाही. आणि पिना वेगळ्या करायला काहीतरी हवंच, आम्ही पाण्याने भरलेल्या टबात मोठी चाळण हलवतो, पाण्यात पिना सहज सुटतात, मग चुंबक फिरवून उचलायच्या. पिना चिकटत नसतील तर घाबरू नका, स्टेनलेसच्या सगळ्या जाती चुंबकाला सारख्या धरत नाहीत, घेतानाच चुंबक लावून बघा.

ढोलाचं खरं दुखणं म्हणजे वाळवणं. उन्हाळ्यात नाशिकचं ऊन अर्ध्या तासात काम करतं, पण पोळा येतो श्रावण अमावास्येला, ऐन पावसात, आणि तेव्हाच माल सगळ्यात जास्त. ओलं पितळ तसंच ठेवलं की दुसऱ्या दिवशी ठिपके. आम्ही लाकडी पेटीत दोन पिवळे बल्ब आणि एक छोटा पंखा बसवलाय, जाळीवर माल पसरायचा, तासाभरात कोरडा होतो. दीर तिकडे फळं सुकवायच्या यंत्रात नळ्या वाळवतात, तत्त्व तेच.

अल्ट्रासोनिक पण बघून झालं. सराफ बाजारात एका ओळखीच्या काकांकडे आहे, पाण्यात बारीक बुडबुडे फुटून घाण सुटते, आतून फार स्वच्छ होतं पण चमक काही येत नाही, आणि परत पाणीच. पोकळ घंटीच्या आतलं जुनं तेल काढायला उत्तम, एकटं पुरेसं नाही. त्यांच्याकडेच चांदीसाठी मॅग्नेटिक पॉलिशर होता, चुंबक फिरतो आणि बारीक पिना नाचतात, पण आमच्या घुंगरातली गोळी लोखंडी असल्यावर तो प्रश्नच मिटला.

आता 2027 ला सिंहस्थ आहे, घंटा आणि दिव्यांचं काम वाढणार हे दिसतंय, म्हणून दुसरा ढोल घ्यावा असं मी म्हणतेय, पंधरा लिटरचा. अण्णांचं म्हणणं व्हायब्रेटरच अजून एक घे, ढोलाचं काम हाताने तरी होतं, घुंगराच्या आतलं नाही. बोलणं चालू आहे. तोवर पोळ्याच्या माळांना सुरुवात झाली, आज सकाळी पहिल्या खेपेची दोनशे घुंगरं चाळणीवर ओतली आहेत आणि अण्णा गच्चीच्या पायरीवर बसून एकेक कानाशी हलवतायत.